स्वेटरच्या दुकानामागचे कायमचे 'परदेशी'

दिवाळी सरली की नागपुरात आणि इतर अनेक शहरांत तिबेटी स्वेटर बाजार भरतो. आपण घासाघीस करतो, स्वेटर घेतो आणि निघतो. समोरचे कुटुंब दोन-तीन पिढ्या भारतात राहूनही कागदोपत्री परदेशी असू शकते, हे आपल्या ध्यानातही येत नाही.

१९५९ मध्ये दलाई लामा भारतात आले. त्यांच्या मागोमाग सुमारे ८० हजार तिबेटी आले. सुरुवातीला अनेकांनी हिमालयातील रस्त्यांच्या कामावर खडी फोडली. १९६० पासून तेव्हाच्या म्हैसूर राज्यात बायलाकुप्पे येथे त्यांना जमीन मिळाली आणि जंगल साफ करून त्यांनी मका पिकवला. आपल्या गोंदिया जिल्ह्यात गोठणगावजवळची नॉर्ग्येलिंग वसाहत १९७२ ची. पण कुटुंबे वाढली, जमीन तेवढीच राहिली. मग हिवाळ्यात स्वेटर विक्री आली. लुधियानाचे व्यापारी माल उधारीवर देतात, हंगाम संपला की हिशेब चुकता होतो. हा व्यवहार विश्वासावर चालतो. मात्र एखाद्या वर्षी थंडीच पडली नाही, तर वर्षाचे गणित कोलमडते.

कष्टात ही माणसे कमी पडली नाहीत. अडचण आहे ती कागदाची. भारताने १९५१ च्या आंतरराष्ट्रीय निर्वासित करारावर सही केलेली नाही आणि आपल्याकडे निर्वासितांसाठी स्वतंत्र कायदाही नाही. तिबेटींना नोंदणी प्रमाणपत्राचे वेळोवेळी नूतनीकरण करावे लागते. वसाहतीची जमीन भाडेपट्ट्याची. २०१४ च्या तिबेटी पुनर्वसन धोरणाने भाडेपट्टा, व्यापार परवाने, खासगी नोकरी, सरकारी योजना यांची वाट मोकळी केली. पण अंमलबजावणी राज्यांच्या हाती आहे. धोरण म्हणजे हक्क नव्हे. म्हणूनच शिकलेले तरुण युरोप-अमेरिकेकडे जातात आणि वसाहतींत म्हातारी माणसे उरतात.

बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली घडलेले संविधान येथे बारकाईने वाचायला हवे. कलम १४ आणि २१ 'व्यक्ती'ला संरक्षण देतात. व्यवसायाचे स्वातंत्र्य देणारे कलम १९ मात्र फक्त नागरिकांसाठी आहे. कप्ताई धरणाने विस्थापित झालेले बौद्ध चकमा १९६४ पासून आजच्या अरुणाचलात वसले. त्यांना हुसकावण्याची भाषा झाली, तेव्हा १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कलम २१ च्या आधारे त्यांच्या जिवाला संरक्षण दिले. जीव वाचला, पण त्या जिवाने पोट कसे भरायचे? युगांडासारख्या गरीब देशाने २००६ च्या कायद्यात निर्वासितांना काम करण्याचा हक्क लिहून दिला. मग आपल्याला काय अडचण आहे?

आणि एक कटू प्रश्न स्वतःलाही विचारू. तिबेटी, चकमा आपले धम्मबांधव म्हणून आपण बोलतो. पण बौद्धबहुल म्यानमारमधून जीव मुठीत धरून आलेला, हैदराबाद-दिल्लीत भंगार वेचणारा रोहिंग्या मुसलमान दिसला की गप्प का बसतो? भगवान बुद्धांची मैत्री जात-धर्म विचारत नाही.

सम्यक आजीविका हे अष्टांगिक मार्गाचे अंग आहे. पण प्रामाणिकपणे कमावण्याची वाटच बंद असेल, तर माणसाने ती पाळायची कशी? म्हणून २०१४ च्या धोरणाचे आपल्या जिल्ह्यात काय झाले, हे प्रशासनाला विचारू या. धर्म न पाहता काम करण्याचा हक्क देणाऱ्या निर्वासित कायद्याची मागणी आपल्या चळवळीने लावून धरली पाहिजे.