मेंदू म्हणजे हार्ड डिस्क नव्हे!

गेल्या रविवारी मामांकडे गेलो होतो. पॅरालिसिसचा अटॅक येऊन आठ महिने झालेत. उजवा हात मांडीवर पडलेला आणि मामी पोहे भरवतेय. म्हटलं, "मामी, त्यांना स्वतः खाऊ दे की." तर मामेभाऊ (हाही आयटीवालाच!) म्हणतो, "अरे, तो सेक्टरच करप्ट झालाय. तीन महिन्यांत आलं तेवढंच, डॉक्टर म्हणालेत."

डोकंच फिरलं माझं. मेंदूला हार्ड डिस्क म्हणणं ही आपल्या जमातीची आवडती थाप आहे.

हेन्री मोलेसन या अमेरिकन माणसाचं उदाहरण घ्या. १९५३ साली फिट्स थांबाव्यात म्हणून त्याच्या मेंदूतला दोन्ही बाजूंचा हिप्पोकॅम्पसचा बराचसा भाग काढला. तेव्हा तो २७ वर्षांचा, म्हणजे माझ्याच वयाचा. त्यानंतर नवीन काही त्याच्या लक्षातच राहीना. पण ब्रेंडा मिलनर बाईंनी त्याला आरशात बघून चांदणी गिरवायला दिली, तेव्हा तीन दिवसांत त्याचा हात सफाईने चालायला लागला. आणि दर वेळी त्याला वाटायचं की आपण हे पहिल्यांदाच करतोय! आठवण आणि हाताचं वळण यांचे रस्तेच वेगळे. आता सांगा, यात सेक्टर कुठला?

मेलेल्या पेशी परत येत नाहीत, हे कबूल. पण उरलेल्या पेशी त्यांचं काम थोडंफार उचलतात. अर्थात, काम दिलं तर! एडवर्ड टाउब यांनी माकडांवर दाखवून दिलं की हात न वापरणं हीसुद्धा शिकलेली सवय असते. चांगला हात बांधून ठेवला की माकड दुसरा वापरायला लागतं. तोच उपाय अमेरिकेत २२२ स्ट्रोक पेशंट्सवर तपासला गेला, निकाल २००६ साली आला. स्ट्रोकला तीन ते नऊ महिने झालेली माणसं. दोन आठवडे चांगल्या हातात जाड मोजा आणि दुबळ्या हाताकडून रोज तासन् तास सराव. फरक पडला, आणि वर्षभरानंतरही टिकून होता. मनगट-बोटं थोडी तरी हलत असतील तरच हे जमतं, हेही खरं.

मामांची हलतात. भरवणं हे प्रेम आहे, मान्य, पण त्या प्रेमानेच हात झोपवलाय. शेवटी मीच चमचा त्यांच्या उजव्या हातात दिला. निम्मे पोहे लुंगीवर. मामी जाम भडकली. मामा मात्र चमचा सोडायला तयार नव्हते.

या रविवारी फिजिओथेरपिस्टला घेऊन जातोय.