घागर आणि धुराडे



दक्षिण इटलीतल्या मातेरा गावात १९५० साली हजारो माणसे खडकात कोरलेल्या घरांत राहत होती. एकाच खोलीत आईबाप, पोरे, कोंबड्या आणि खेचर. पंतप्रधान दे गास्पेरी ते पाहून हादरले. १९५२ मध्ये कायदा झाला आणि सुमारे पंधरा हजार माणसांना नव्या वस्त्यांत घरे मिळाली.

इटलीचे लोक आपल्या दक्षिणेला ‘मेझ्झोजोर्नो’ म्हणतात, म्हणजे भर दुपार. या मागास दक्षिणेसाठी सरकारने १९५० मध्येच वेगळा निधी उभारला. पहिल्या काही वर्षांत त्यातून धरणे झाली, जलवाहिन्या आल्या, रस्ते गावांपर्यंत पोचले. कितीतरी बायकांच्या डोक्यावरची घागर उतरली. या निधीचे सर्वांत मोठे काम मला तरी हेच वाटते.

१९५७ च्या कायद्यानंतर पैशाचा ओघ कारखान्यांकडे वळला. तारांतोत पोलादाचा अवाढव्य कारखाना आला. हजारो घरांत पगार आला, आणि शेजारच्या तांबुरी वस्तीतल्या खिडक्यांवर लाल धूळ. २०१२ मध्ये न्यायालयाला तिथल्या भट्ट्या जप्त करण्याचा आदेश द्यावा लागला. जोया ताउरोत पोलाद कारखान्यासाठी संत्र्यांच्या आणि ऑलिव्हच्या बागा तोडल्या, पण कारखाना झालाच नाही. त्यासाठी बांधलेले बंदर पुढे कंटेनरच्या वाहतुकीला उपयोगी पडले, हे खरे. पण ज्याची झाडे गेली, त्याच्या पदरात काय पडले?

युरोपीय संघ आज सर्वाधिक मदत देतो ती दरडोई उत्पादन संघाच्या सरासरीच्या ७५ टक्क्यांहून कमी असलेल्या प्रदेशांना. २०२१ ते २०२७ च्या यादीत इटलीचे सात प्रदेश आहेत, सगळे दक्षिणेकडचे आणि बेटांचे. सत्तर वर्षे पैसा ओतूनही कालाब्रियातला रुग्ण मोठ्या उपचारासाठी उत्तरेची गाडी पकडतो. शिकलेली मुलेही त्याच गाडीने जातात, आणि बरीचशी परत येत नाहीत. कोटींचे आकडे हा प्रवास दाखवत नाहीत, म्हणून मला ते अपुरे वाटतात.

दांडेकर समितीच्या १९८४ च्या अहवालापासून आपण महाराष्ट्रातही प्रादेशिक अनुशेष रुपयांत मोजत आलो आहोत. तेव्हा वाचकहो, एक विनंती. तुमच्या तालुक्यात अडलेल्या बाळंतिणीला शस्त्रक्रियेसाठी किती किलोमीटर न्यावे लागते, ते आम्हाला पत्राने कळवा. गावाच्या नावासह ती पत्रे पुढच्या अंकात छापू.