अण्णांची बार्शी लाईट



या पानावर आपण एरवी बियाणे, खते, फवारणी असले विषय घेतो. आज मात्र रेल्वेगाडीविषयी लिहिणार आहे. तुम्ही म्हणाल, साहेबांना झाले तरी काय? ना जुन्नरला रेल्वे, ना आंबेगावला. पुणे-नाशिक रेल्वेचे ऐकता ऐकता आपले केस पांढरे झाले. मोजणी झाली, कुणी जमीन जाईल म्हणून धास्तावले, कुणी भाव येईल म्हणून खूश झाले. मग खोडदच्या मोठ्या रेडिओ दुर्बिणीला अडथळा होईल म्हणून नारायणगावावरून जाणारा तो मार्गच अडला. त्या वादात मी आज शिरत नाही. मी सांगतोय ती गाडी आमच्या पडवीतली आहे.

गोष्ट श्रावणातली. टोमॅटोचा प्लॉट ऐन भरात होता आणि सलग चार दिवस आभाळ. हवा गार आणि पान ओले, म्हणजे करप्याला आवतणच. मी सकाळी पंप पाठीवर घ्यायला गेलो, तर पंपात बॅटरीच नाही. आमच्या चिरंजिवांनी, म्हणजे नववीतल्या पोराने, ती काढून पडवीत खोक्यांच्या फळ्यांवर मांडलेल्या कसल्याशा आगगाडीला जोडली होती आणि रात्रभरात पार उतरवून ठेवली होती. त्या दिवशी फवारणी राहिली, दुसऱ्या दिवशी पाऊस लागला आणि आठवड्यात करपा दिसू लागला. जगाला करप्याचे नियोजन शिकवणाऱ्याच्या शेतात करपा! मी काय केले असेल ते तुम्ही ओळखलेच असेल. पोराला नको ते बोललो आणि ती गाडी उचलून माळ्यावर टाकली. तो रडला नाही, उलट बोललाही नाही. जेवताना मान खाली घालून बसू लागला, एवढेच.

दुसरे सांगायचे म्हणजे आमचे अण्णा. वय ऐंशीच्या पुढे. आई गेल्यापासून त्यांचे बोलणे जवळजवळ थांबले होते. चहा घ्या म्हटले की घ्यायचे, झोपा म्हटले की झोपायचे. त्या अण्णांनी चार दिवसांनी मला हाक मारली आणि विचारले, “पोराची बार्शी लाईट कुठं टाकलीस रे?”

मला काही कळेना. मग तेच सांगू लागले. पंढरीची वारी पायी करायची आणि परतताना पंढरपुरातून छोट्या गाडीने कुर्डुवाडी गाठायची. तिथे मोठी गाडी धरून पुणे, आणि पुढे एसटी. त्या छोट्या गाडीला माणसे बार्शी लाईट म्हणत. अण्णांनी अशा सात वाऱ्या केल्या, त्यांपैकी तीनदा आई बरोबर होती. महिनोन्‌महिने गप्प असलेला माणूस अर्धा तास बोलत होता. मी शिडी लावली आणि गाडी खाली काढली.

आता या बार्शी लाईटविषयी थोडे सांगतो, कारण ती तुमच्या-माझ्या आजा-पणज्यांची गाडी. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरने ती उभारली. रुळांमधले अंतर फक्त अडीच फूट. १८९७ मध्ये बार्शी रोड, म्हणजे आताची कुर्डुवाडी, ते बार्शी असा पहिला टप्पा सुरू झाला. १९०६ मध्ये गाडी पंढरपूरला पोचली, १९११ मध्ये लातूरला आणि १९२७ मध्ये मिरजेला. एकूण मार्ग सव्वातीनशे किलोमीटरच्या आसपास. कॅलथ्रॉपचे डोके असे की, इंजिन असो वा डबा, कुठल्याही आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार पडू द्यायचा नाही. मग रूळ हलके चालतात, पूल हलके चालतात आणि गरीब मुलुखालाही रेल्वे परवडते. पुढे १९५४ मध्ये सरकारने ही रेल्वे ताब्यात घेतली. कुर्डुवाडी-पंढरपूर भाग २००१ च्या सुमारास रुंद झाला आणि २०१० पर्यंत सगळा मार्ग मोठ्या रुळांचा झाला. सोय झाली हे खरे, पण अण्णांची गाडी गेली.

आजा-नातवाने मग ठरवले, गाडी करायची तर बार्शी लाईटच. माप सोपे घेतले, फुटाला अर्धा इंच. म्हणजे अडीच फुटांचे रूळ सव्वा इंचावर आले. पॅकिंगच्या लोखंडी पट्ट्यांचे रूळ, टोमॅटोच्या जुन्या लाकडी खोक्यांचे स्लीपर, बिघडलेल्या टेपरेकॉर्डरची मोटर. बॅटरीपुरता मी करार करून घेतला की पंपाची मिळणार नाही, जुनी दुसरी आणून देईन.

गाडी वळणावर मात्र हटकून घसरायची. अण्णांनी चाके हातात घेऊन पाहिली आणि म्हणाले, ही तर बैलगाडीची चाके झाली. त्यांचे बरोबर होते. बैलगाडीचे चाक आसावर सुटे फिरते, त्यामुळे वळताना बाहेरचे चाक जास्त फिरते आणि आतले कमी. रेल्वेची दोन्ही चाके आसाला पक्की, बरोबरच फिरणार. मग वळायचे कसे? तर त्या चाकाची कड सपाट नसते, किंचित उतरती असते. वळणावर जोडी बाहेर सरकते, बाहेरचे चाक जाड बाजूवर चालते, आतले बारीक बाजूवर, आणि गाडी वळते. पोराने हे मोबाईलवर वाचून सांगितले, अण्णांनी कानस घेऊन लाकडी चाकांना उतार दिला. हात थरथरत होते, पण कानस धरल्यावर थरथर कमी व्हायची, हे मी डोळ्यांनी पाहिले.

मोबाईलवर शोधता शोधता पोरगा आयर्लंडला जाऊन पोचला. आयर्लंड म्हटले की आम्हा शेतीखात्यातल्या माणसांना बटाटाच आठवतो. १८४५ पासून तिथे बटाट्यावर करपा आला आणि त्या दुष्काळात सुमारे दहा लाख माणसे मेली. आमच्या टोमॅटोवर आला तोही तोच करपा. सातगाव पठारावरच्या बटाटेवाल्यांनी हे ध्यानात ठेवावे. त्याच देशात रेल्वेची मोठी गंमत झाली. एका कंपनीचे रूळ चार फूट साडेआठ इंचांवर, दुसरीचे पाच फूट दोन इंचांवर, तिसरीचे सहा फूट दोन इंचांवर. एकीची गाडी दुसरीच्या रुळांवर जाईना. शेवटी १८४६ च्या कायद्याने पाच फूट तीन इंच पक्के झाले. आपल्याकडेही डलहौसीला सहा फूट हवे होते, कंपनीला चार फूट साडेआठ इंच, आणि तोडगा निघाला साडेपाच फुटांचा. भावाभावांत बांध घालताना पंच मंडळी करतात तसेच!

पण अण्णांना आवडली ती लिस्टोवेलची गाडी. केरी परगण्यात लिस्टोवेल ते बॅलीबनियन अशी १८८८ ते १९२४ पर्यंत एकाच रुळावर चालणारी गाडी होती. रूळ कमरेएवढ्या उंचीवर घोड्यांवर बसवलेला आणि गाडी त्याच्या दोन्ही अंगांना लोंबणारी. लार्तिग नावाच्या फ्रेंच माणसाला ही कल्पना अल्जीरियात उंटांच्या पाठीवरचे ओझे पाहून सुचली. दोन्ही बाजूंचे वजन सारखे हवे, नाहीतर गाडी कलायची. तिथे गोष्ट सांगतात की एकाला गाय पाठवायची होती, तर तोलाला दुसऱ्या अंगाला दोन वासरे घातली, आणि परत येताना एक वासरू इकडे, एक तिकडे. अण्णा यावर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. म्हणाले, “नाणेघाटानं बैल काय वेगळे चढायचे? दोन्हीकडं गोणी सारखी पाहिजे.” आई गेल्यानंतर ते हसलेले मी पहिल्यांदा पाहिले.

दिवाळीच्या सुट्टीत दोघांना पुण्याला कोथरूडला नेले. तिथे कै. भाऊसाहेब जोशी यांनी आयुष्यभराच्या छंदातून उभे केलेले छोट्या रेल्वेचे संग्रहालय आहे, १ एप्रिल १९९८ ला सुरू झालेले. सिग्नल, पूल, वाफेचे इंजिन, सगळे हलणारे. दिवे मंदावून रात्र करतात तेव्हा डब्यांतून उजेड दिसतो. पोरगा तारा कुठून गेल्यात ते पाहत होता, अण्णा सिग्नल पडतो की नाही ते. परतीच्या एसटीत माझ्याकडे खिडकीची जागा आली, कारण त्या दोघांना शेजारी बसून भांडायचे होते. मुद्दा असा की पंढरपूरचे स्टेशन करायचे की कुर्डुवाडीचे.

कुर्डुवाडी ठरली. आता काम एका जागी अडले आहे. इंजिनाला पाणी भरायची टाकी छोट्या गाडीच्या फलाटाच्या कुठल्या बाजूला होती, हे अण्णांना आठवत नाही. कधी म्हणतात पंढरपूरच्या अंगाला, कधी म्हणतात बार्शीच्या. आई आठवून सांगायची, म्हणतात, आणि गप्प होतात. तेव्हा २००१ च्या आधी ज्यांनी कुर्डुवाडीला छोटी गाडी बदलली असेल, त्यांनी टाकी, चहाचा ठेला, जे आठवेल ते कार्डावर लिहून या पानाच्या पत्त्यावर पाठवावे. जुना फोटो असला तर पाहून परत करू. अण्णांनी टाकी करून ठेवली आहे, फक्त चिकटवायची राहिली आहे.