वंगणाचा आंकडा

संस्कृतांत तेलासही ‘स्नेह’ म्हणतात आणि मायेसही. माझ्या ज्येष्ठ बंधूंचा आपल्या फियाट मोटारीवर दोन्ही अर्थीं स्नेह होता. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यांतून ही गाडी 1964 पासून फियाट 1100 म्हणून, आणि 1974 पासून ‘पद्मिनी’ या नांवानें, 2001 पर्यंत निघत असे. मुंबईच्या टॅक्सींतील शेवटची पद्मिनी ऑक्टोबर 2023 मध्यें निवृत्त झाली. घरगुती गाड्या मात्र कोठें कोठें अजून जपलेल्या आढळतात. बंधूंच्या पश्चात् त्यांची गाडी माझ्या पुतण्याकडे कफ परेडला गेली. तिच्या गिअरपेटीचें तेल बदलावयाचें ठरलें, तेव्हां सल्लागार म्हणून मी पुढें सरसावलों.

दुकानदारानें दोन डबे समोर ठेवले. एकावर जीएल-4, दुसऱ्यावर जीएल-5. मुलांना गुण देण्यांत ज्याची हयात गेली, त्यास पांच हे चारांहून अधिक, यांत शंका ती कसली? शिवाय पांचाचा डबा महागही होता. मीं तोच घ्यावयास लावला. “काका, आधीं गाडीच्या पुस्तिकेंत पाहूं या का?” असें पुतण्यानें विचारलें होतें, हें येथें प्रांजळपणें नमूद करणें प्राप्त आहे.

कांहीं महिन्यांतच दुसऱ्या गिअरवरून तिसऱ्यांत जातांना करकर ऐकूं येऊं लागली. वडिलांच्या हातीं इतकीं वर्षें न कुरकुरलेली गाडी आपल्याकडे येतांच अशी कां करते, म्हणून पुतण्या खिन्न झाला. तो मला कांहीं बोलला नाहीं, तेंच मला अधिक लागलें.

जवळच्या मच्छीमार नगरांत होड्यांचीं यंत्रें दुरुस्त करीत ज्यांचें आयुष्य गेलें, असे एक वृद्ध कोळी गृहस्थ त्याच्या ओळखीचे होते. सुकत घातलेल्या जाळ्यांच्या कडेला आम्ही गाडी उभी केली. त्यांनीं गरम असतांनाच थोडें तेल थाळींत काढलें, बोटांवर चोळलें आणि उन्हांत धरलें. सोनेरी चूर्ण चमकत होतें. मग त्यांनीं थाळींत लोहचुंबक फिरविला. थोडा काळा कीस त्यास चिकटला. सोनेरी चूर्ण जागचें हललें नाहीं.

“मास्तर, लोखंड थोडं झिजतंच, त्याचं काय नाय. पन यो पितल हाय.”

याचा उलगडा असा. पेटींतील दांतेरी चाकें भिन्न भिन्न गतीनें फिरत असतात. एकाचे दांते दुसऱ्यांत गुंतण्यापूर्वीं दोघांची गति सम व्हावी लागते. मागल्या उघड्या दारानें चालत्या बसमध्यें चढणारा मनुष्य आधीं चार पावलें तिच्याबरोबर धावे, तसें. हें काम पितळेच्या जातीच्या मिश्रधातूचें एक कडें घर्षणानें करतें. तेव्हां येथें तेल तर हवें, पण कड्याची पकड सुटेल इतकें निसरडें नको. जीएल-5 तेलांत गंधक व स्फुरद यांचीं द्रव्यें जीएल-4 च्या सुमारें दुप्पट असतात. भारी दाबाखालीं तीं पोलादावर पातळ थर चढवितात. तो थर झिजतो आणि पोलाद वांचतें. तांब्याच्या मिश्रधातूशीं मात्र गंधकाचें जमत नाहीं. तापलेल्या तेलांत तो त्यास खाऊं लागतो. चांदीचीं भांडीं काळीं पडतात तीं हवेंतील याच गंधकामुळें, हें गृहिणींस निराळें सांगावयास नको.

मागच्या आसांत हायपॉइड जातीचे दांते असल्यास तेथें पोलाद पोलादावर घासत सरकतें, आणि तेथें हेंच पांच योग्य होय. म्हणजे चार आणि पांच हे गुण नव्हतेच. ते दोन निरनिराळे विषय होते. पितळेस निर्धोक अशीं जीएल-5 तेलेंही अलीकडे निघालीं आहेत, पण डब्यावर तसें स्पष्ट लिहिलेलें असल्यावांचून घेऊं नयेत.

दाटपणाचा आंकडा आणखी वेगळा. गिअरच्या तेलाचें 90 आणि इंजिनाच्या तेलाचें 40 किंवा 50 यांचा दाटपणा जवळजवळ सारखाच, मोजपट्ट्या भिन्न. 80डब्ल्यू-90 यांतील पहिला आंकडा थंडीपुरता, त्याची मुंबईस फारशी मातब्बरी नाहीं. चरकसंहितेच्या सूत्रस्थानांत अभ्यंगाचें फल सांगतांना वंगण दिलेल्या आसाचा दृष्टान्त आहे. तो मीं कित्येकदां वर्गांत सांगितला; कोणत्या आसास कोणतें तेल, हा प्रश्न एकाही विद्यार्थ्यानें विचारला नाहीं आणि मलाही सुचला नाहीं.

पेटी उघडून दोन कडीं बदलावीं लागलीं. खर्च मीं दिला. नवें तेल भरतांना वृद्ध गृहस्थांनीं भरण्याचें बूच आधीं सैल करून पाहिलें, मगच तळाचें काढलें. वरचें गंजून बसलें असेल तर रिकामी पेटी घेऊन बसण्याची पाळी येते. गाडी सपाट जागीं होती. वरच्या भोंकांतून तेल ठिबकूं लागेपर्यंत त्यांनीं जीएल-4, 90 चें तेल ओतलें.

पुतण्यानें मला गिरगांवांत घरीं सोडलें. वाटेंत करकर ऐकूं आली नाहीं. पुस्तिका बंधूंच्या कपाटांत होती. ती आतां गाडींतच असते.