कडी आतून लागते का?

सबमिशन संपलं की इंजिनिअरिंगच्या पोरांना दोन गोष्टी सुचतात. एक झोप आणि दुसरी ट्रिप. झोप दोन दिवसांत पुरी होते, ट्रिप मात्र बहुतेक वेळा कँटीनच्या टेबलावरच उरकते! यंदा आमच्या ग्रुपने जरा मनावर घेतलं. थंडीचे दिवस, त्यामुळे ठरलं की गरम पाण्याच्या कुंडात डुंबायचं. ठिकाण वज्रेश्वरी. ठाणे जिल्ह्यात, भिवंडी तालुक्यात तानसा नदीच्या परिसरात वज्रेश्वरी, अकलोली आणि गणेशपुरी ही गावं लागून लागून आहेत आणि तिथे जमिनीतून आपोआप गरम पाणी येतं.

प्लॅनिंग तर असं जोरात, की प्रोजेक्टचं केलं असतं तर गाईड सरांनी पाठ थोपटली असती. कुणाच्या गाडीचं ॲव्हरेज किती, पेट्रोल किती, एक्स्प्रेस-वेवर दुचाकीला बंदी म्हणून जुन्या हायवेने खंडाळा उतरायचा, वडापाव कुठे खायचा, स्पीकर कुणी आणायचा... सगळं तक्त्यात मांडलेलं. मी तो तक्ता वरपासून खालपर्यंत वाचला आणि विचारलं, "कपडे कुठे बदलायचे?"

टेबलावर शांतता. मग एक मित्र म्हणाला, "अगं, तुम्ही मुली काठावर बसा ना. पाय सोडा, फोटो काढा!"

त्याच्या मनात वाईट काहीच नव्हतं. म्हणूनच जास्त लागलं. कारण 'काठावर बसून पाय सोडणं' म्हणजे काय, ते मी आधीच्या जानेवारीत पाहिलं होतं.

आम्ही कुरुळीत राहतो. पुणे-नाशिक हायवेला, मोशी आणि चाकणच्या मध्ये. बाबा चाकण एमआयडीसीत प्रेस शॉपला, आई एका कंपनीत पॅकिंगला. पॅकिंग म्हणजे आठ तास उभ्याने काम. संध्याकाळी आली की आधी भिंतीला टेकून पाय लांब करते, मग चहा ठेवते. आमच्या खोल्यांच्या लायनीत अंघोळ म्हणजे बादलीत रॉड टाकायचा, पाणी कोमट झालं की घाईघाईने चार तांबे ओतायचे, कारण बाहेर पुढचा माणूस बादली घेऊन उभाच! अशा घरात 'गळ्यापर्यंत गरम पाण्यात निवांत बसायचं' ही केवढी मोठी इच्छा आहे, हे बाथटबवाल्यांना नाही कळायचं. आईने ती इच्छा एकदाच बोलून दाखवली होती. बाबांनी लक्षात ठेवली.

बाबांच्या कंपनीला सुट्टी गुरुवारी, आईला रविवारी. दोघांच्या सुट्ट्या जुळवायला तीन महिने गेले. शेवटी आईने एक खाडा केला, मी लेक्चर्स बुडवली आणि ओळखीच्याची गाडी घेऊन आम्ही पहाटे चारला निघालो. तळेगाव, पनवेल, भिवंडी असं करत पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास अंतर. वज्रेश्वरीला देवीचं दर्शन घेतलं. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये पोर्तुगीजांकडून वसई जिंकली, त्या वेळचा नवस फेडण्यासाठी हे मंदिर बांधलं असं सांगतात. किल्ल्यासारख्या दगडी पायऱ्या चढताना आईचे गुडघे बोलत होते. पण ती म्हणाली, "चल गं, खाली गरम पाणी आहे ना."

आणि मग आम्ही एका कुंडावर पोचलो. कुठल्या ते सांगत नाही, कारण मुद्दा एका कुंडाचा नाहीच. पुरुष मंडळी निवांत गळ्यापर्यंत बसलेली. बायकांसाठी एक आडोसा होता, पण दाराला कडी नव्हती. आईने दार लावलं, ते उघडलं. पुन्हा लावलं, पुन्हा उघडलं. मी बाहेरून धरून उभी राहते म्हटलं, तर म्हणाली, "आणि ओल्या साडीने बाहेर कशी येऊ? राहू दे." ती पायरीवर बसली, साडी घोट्याच्या वर धरली आणि पाय पाण्यात सोडले. बाबा तीन डुबक्या मारून आले, "पाणी झकास आहे" म्हणाले आणि आईकडे बघून गप्प झाले. परतीच्या वाटेवर तळेगाव आलं तेव्हा एवढंच बोलले, "पुढच्या वेळी आधी विचारून येऊ."

एवढं अंतर तोडून आईची फक्त पावलं भिजली.

आता थोडं आपल्या अभ्यासाचं. गरम पाण्याने सगळे रोग जातात असलं काही मी म्हणत नाही. पण गरम पाण्यात आखडलेले स्नायू सैल पडतात हे खरं. शिवाय पाण्याचं उत्प्लावक बल! कमरेपर्यंत पाण्यात उभं राहिलं की सांध्यांवरचा भार जवळजवळ निम्मा होतो, छातीपर्यंत गेलं की आणखी कमी. म्हणजे दिवसभर शरीराचं ओझं पेलणाऱ्या गुडघ्यांना खरी सुट्टी हवी असेल तर पाण्यात उतरावंच लागतं. पायरीवर बसून पाय सोडले तर पावलांना बरं वाटतं, गुडघ्यांचा आकृतिबंध मात्र तोच राहतो. आर्किमिडीज काठावर बसणाऱ्याला पावत नाही!

आणि हे पाणी तापतं कसं? ग्रुपमधल्या एकाने ठासून सांगितलं की खाली ज्वालामुखी आहे. नाही बाबा. सह्याद्रीचा काळा दगड लाव्हाचाच, पण तो सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. त्याची ऊब कधीच गेली. पावसाचं पाणी खडकातल्या भेगांतून खोल जातं. जमिनीत दर किलोमीटरला तापमान साधारण २५ ते ३० अंशांनी वाढतं. वर २७ अंश धरा आणि झऱ्याचं पाणी ५० अंश धरा. गणित केलं तर पाणी निदान पाऊण-एक किलोमीटर खाली जाऊन आलेलं निघतं, आणि वर येताना ते थोडं निवतं, म्हणजे प्रत्यक्षात त्याहूनही खोल. मग एखाद्या मोठ्या भेगेतून ते वर येतं. कोकणपट्टीत असे झरे जवळजवळ एका रांगेत आहेत. वज्रेश्वरीपासून खाली महाडजवळचं सव, दापोलीकडचं उन्हवरे, संगमेश्वरचे आरवली आणि तुरळ, थेट राजापूरच्या उन्हाळ्यापर्यंत.

म्हणजे बघा, बॉयलर निसर्गाने दिला, पंप त्याने दिला, इंधनाचं बिल शून्य. आपल्या वाट्याला उरलं ते एक दार आणि एक कडी. तेवढंही आपल्याच्याने होऊ नये?

कुणी म्हणेल, मग रिसॉर्टला जा ना. तिथे खोलीत गरम पाण्याची टाकी असते, दार असतं, कडी असते. खरं आहे, आणि परवडतं त्याने जरूर जावं. पण आई पैसे मोजताना ते खाड्यात मोजते. एका डुबकीसाठी किती खाडे, हा हिशोब तिच्या डोक्यात सुरू झाला की डुंबणं संपलं. बाबांना हाच आनंद फुकट मिळाला आणि आईला मात्र तो विकत घ्यावा लागणार, हा कुठला न्याय? दुसरं कुणी म्हणेल, ते तीर्थस्थान आहे, तिथे सोयी कसल्या मागता? अहो, तीर्थात पुण्य मिळतं म्हणता, मग ते बायकांना घोट्यापर्यंतच का मिळावं? जपानमध्ये गरम झऱ्यांसाठी १९४८ पासून स्वतंत्र कायदा आहे. तिथे स्त्री-पुरुषांची स्नानगृहं बहुधा वेगळी असतात आणि आधी अंग स्वच्छ धुऊनच सामाईक कुंडात उतरायचं ही रीत आहे. त्याला तंत्रज्ञान कमी आणि शिस्त जास्त लागते.

असो. नुसती तक्रार करून थांबले तर इंजिनिअर कसली! मी ग्रुपचा तक्ता घेतला आणि वर नवे रकाने घातले. पहिला, कपडे कुठे बदलायचे आणि दाराला कडी आहे का. निघण्याआधी फोन करून विचारायचं. दुसरा, दिवस. सण आणि रविवार टाळायचा, पहाटे लवकर पोचायचं. पावसाळ्यात नदीकाठच्या कुंडांचं नावच काढायचं नाही. तिसरा, तापमान. ४५ अंशांची हवा आपण उन्हाळ्यात सोसतो, पण पाणी हवेपेक्षा सुमारे पंचवीसपट जास्त उष्णतावाहक. अंघोळीच्या गरम टबासाठी ४० अंश ही वरची मर्यादा मानतात आणि झरे त्याहून बरेच गरम असू शकतात. तेव्हा साधा थर्मामीटर न्यायचा, आधी हात घालून बघायचा, दहा-पंधरा मिनिटांत बाहेर यायचं, पाणी पीत राहायचं. बीपी, हृदयविकार किंवा गरोदरपण असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय उतरायचं नाही. चौथा, डोकं बुडवायचं नाही. कोमट-गरम गोड्या पाण्यातला एक अमीबा नाकावाटे मेंदूपर्यंत जाऊ शकतो. असा संसर्ग क्वचित होतो पण जिवावर बेततो, २०२४ आणि २०२५ मध्ये केरळात रुग्ण आढळले होते. पाचवा, कुंडात साबण नाही, शॅम्पू नाही, आणि स्पीकर घरी!

स्पीकरवरून भांडण झालं, बाकी सगळं मान्य झालं. आणि ज्या मित्राने 'काठावर बसा' म्हटलं होतं, त्यानेच वर्कशॉपमध्ये चार पाइपांची घडीची चौकट वेल्ड केली. वर जाड कापड, आत कपड्यांसाठी दोन हुक, दाराला आतून कडी. सर म्हणाले, "हा कुठला जॉब? सिलॅबसमध्ये तर दिसत नाही." मी म्हटलं, "सर, राहून गेलाय."

चौकट घरी आणून आईला दाखवली. तिने पाइप बघितले नाहीत की वेल्डिंग बघितलं नाही. आत गेली, दार ओढलं आणि आतूनच विचारलं, "कडी नीट लागते का गं? बाहेरून ढकलून बघ."

मी ढकललं. नाही उघडलं.

ही चौकट म्हणजे उत्तर नाही हे मला कळतं. उत्तर म्हणजे प्रत्येक कुंडावर कायमची चार भिंतींची खोली आणि ती नीट ठेवणारी माणसं. पण मित्रांनो, आपण स्पर्धेसाठी गाड्या बनवतो, रोबो बनवतो, त्यासाठी रात्र रात्र जागतो. अकलोलीपासून राजापूरपर्यंतच्या एखाद्या गावाला आपण होऊन विचारलं, 'तुमच्या कुंडावर बायकांसाठी काय सोय करू या?', तर तो प्रोजेक्ट लहान ठरेल का? आणि तेवढंही नको असेल तर निदान पुढची ट्रिप ठरवताना पेट्रोलच्या आधी हा एक प्रश्न विचारा. आम्ही पुढच्या महिन्यात निघतोय. या वेळी आईसुद्धा येणार आहे, आणि तिने गाडीत पहिली जागा चौकटीला द्यायला सांगितली आहे.