पालीचे पालक

आमच्या घरात भिंतीवर पाल दिसली की दोन गोष्टी लागोपाठ घडतात. आधी सौ. किंचाळते, "अहो, झाडू!" मग मी झाडू शोधायला म्हणून दुसऱ्या खोलीत निघून जातो. (गेल्या 20 वर्षांत झाडू मला एकदाही वेळेवर सापडलेला नाही. या बाबतीत सोलापुरातल्या पाली माझ्या ऋणी असाव्यात.) अशा या घरात दिवाळीला माझा भाचा पुण्याहून काचेच्या पेटीत एक हातभर लांब हिरवी पाल घेऊन आला, आणि त्याच सौ.ने तिला ओवाळायचे तेवढे बाकी ठेवले!

"मामा, पाल काय म्हणता? इग्वाना आहे तो!"

मी किंमत विचारली आणि आकडा ऐकून मुकाट्याने खुर्चीत बसलो. बँकेत रोज लाखांच्या नोटा मोजतो, पण त्या दुसऱ्याच्या असतात, म्हणून छातीत कळ येत नाही.

तर मंडळी, परदेशी सरडे पाळायची ही जी हौस आपल्याकडे बोकाळली आहे, तिला माझा साफ विरोध आहे. विरोध पालीला नाही, पालकांना आहे.

भाच्याचे म्हणणे असे, की हा प्राणी सांभाळायला एकदम सोपा. भुंकत नाही, फिरायला न्यावे लागत नाही, पालेभाजी खातो. सोपा! अहो, हा मूळचा मध्य आणि दक्षिण अमेरिकेतल्या जंगलांतला, झाडांवर राहणारा. त्याच्या अंगाला स्वतःची ऊब नाही. म्हणून पेटीच्या एका टोकाला 35 अंशांच्या आसपास शेकायची जागा आणि दुसऱ्या टोकाला सावली लागते. ऊब आम्ही सोलापूरकर फुकट देऊ, पण त्याला हवेत ओलही लागते. मे महिन्यात इथे माणसांच्या ओठांना भेगा पडतात, तिथे सरड्याला ओल कुठून आणायची?

शिवाय अतिनील किरणांचा खास दिवा लागतो. ते किरण नसतील तर अंगात 'ड' जीवनसत्त्व तयार होत नाही, आणि ते नसेल तर खाल्लेले कॅल्शियम अंगी लागत नाही. काचेतून आलेले ऊन चालत नाही, कारण काच नेमके तेच किरण अडवते. दिवाही बेरकी. उजेड देत राहतो, पण त्यातले किरण आधीच संपलेले असतात. दिसायला चालू, कामाला बंद. आमच्या शाखेत असे दोन-तीन जण आहेत.

भाच्याने काय केले? पेटी बंद खिडकीच्या काचेशी ठेवली आणि रोज पालक खाऊ घातला. का, तर "पालीला पालक, मामा!" वर ताकदीसाठी उकडलेले अंडे आणि पनीर. हा प्राणी शुद्ध शाकाहारी! आणि पालकातली ऑक्झलेटे कॅल्शियमला असे धरून ठेवतात, की ते अंगाला मिळतच नाही. एका हाताने ठेव जमा करायची आणि दुसऱ्या हाताने खाते गोठवायचे, असला हा व्यवहार.

गड्ड्याच्या जत्रेला भाचा पुन्हा पेटी घेऊन आला. इग्वानाचे पाय थरथरत होते. खालचा जबडा रबरासारखा मऊ झाला होता. डॉक्टरांनी तपासून सांगितले, कॅल्शियम मिळेना म्हणून शरीर हाडांतलेच काढून खाते आहे. व्याज बंद झाल्यावर मुद्दलाला हात! हे मला वाणिज्य शाखेच्या पदवीधराला एका क्षणात कळले. गेले सहा महिने त्याच्यावर अतोनात प्रेम करणाऱ्या भाच्याला ते कळले नव्हते. भाचा ढसाढसा रडला. मग त्याला बंगलोरला नोकरी लागली आणि तो म्हणाला, "मामा, तेवढा सांभाळा."

बँकेत सल्ल्यांचा पाऊस पडला. एक म्हणाला, "सोड की बे नान्नजच्या माळावर!" अहो, तो माळ माळढोकाचा. ओल्या जंगलातला हा जीव तिथे तडफडून मरेल. आणि जिथे सोडलेले इग्वाना जगले, त्या फ्लोरिडात लोक आज त्यांच्यापुढे हात टेकून बसलेत. दुसरा म्हणाला, "त्यापेक्षा देशी घोरपड पाळायची." घोरपडीला 1972 च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे. हा स्वदेशी बाणा थेट तुरुंगात नेतो. परदेशी पाहुणाही मोकळा नाही. 2022 च्या दुरुस्तीनंतर अशा प्राण्यांची सरकारदरबारी नोंद करावी लागते, मालक बदलला तर कळवावे लागते, प्राणी मेला तरी कळवावे लागते. दुकानदाराने भाच्याला कागद म्हणून फक्त आपले कार्ड दिले होते.

आणि इकडे आपली घरची पाल! न बोलावता येते, डास, पतंग, झुरळे खाते, दिवा मागत नाही, डॉक्टर मागत नाही. ती विषारी नाही. तिच्या विष्ठेत साल्मोनेलाचे जंतू असू शकतात, म्हणून अन्न झाकावे, हात धुवावेत. पण हेच जंतू त्या हजारोंच्या पाहुण्यातही असतात. पंचांगात पाल अंगावर पडल्याची फळे दिलेली असतात. माझ्या डोक्यावर ती तीनदा पडली. पगारवाढ मात्र कराराप्रमाणेच झाली.

हल्ली मी सकाळी शेवग्याचा पाला, जास्वंदीची फुले आणि लाल भोपळ्याचा कीस तयार करतो. दिवा बदलायची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवली आहे. जबडा सावरला, पण मागचा पाय वाकडाच राहिला. तो तसाच राहणार, म्हणाले डॉक्टर. नीट सांभाळला तर हा प्राणी आणखी 12-15 वर्षे जगेल. माझ्या नोकरीची 14 उरली आहेत. दोघे मिळून निवृत्त होऊ.

तेव्हा मायबाप वाचकहो, एवढेच मागणे. अशा दुकानाची पायरी चढताना तुमच्या मनात शंकेची पाल चुकचुकली, तर झाडू शोधू नका. तेवढी एक पाल मात्र जरूर पाळा.