हृदयाच्या गोळीचं पथ्य

साप्ताहिक सदर : प्रकृतीमान

लातूर-नांदेड रस्त्यावरच्या आमच्या चाकूर तालुक्यात आता ‘स्टेंट’ म्हणजे काय, हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना राज्यातल्या ज्या पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात नांदेड होतं. पुढच्या वर्षी ती राज्यभर गेली, नंतर तिला महात्मा जोतिराव फुल्यांचं नाव मिळालं. ज्या उपचारासाठी जमीन गहाण पडायची, तो कोरडवाहू शेतकऱ्याच्या आवाक्यात आला. माणसं वाचली. ही मोठी गोष्ट आहे, आणि म्हणूनच वाचलेला जीव पुढं कसा सांभाळायचा, हे गावात उघडपणे बोललं गेलं पाहिजे.

दवाखान्यातून सुट्टी झालेला माणूस पिशवीभर गोळ्या घेऊन घरी येतो. रक्ताची गुठळी होऊ न देणारी गोळी, बीपीची, ठोके आवरणारी, चरबीची, आणि बऱ्याचदा साखरेचीही. सुरुवातीला घर कडक असतं. मग पाहुण्यांकडची हळद येते, जावळाचं मटण येतं, धुळवड येते, एकतीस डिसेंबर येतो. ढाब्यावर बसणं ठरतं आणि प्रश्न पुढं येतो, “रोज नाही ओ, कधीमधी थोडी घेतली तर काय होतंय?”

हा प्रश्न डॉक्टरांना क्वचितच विचारला जातो. ओपीडीत शेजारी बायको बसलेली असते, नाहीतर मुलगा उभा असतो. त्यांच्यासमोर तोंड उघडत नाही. मग तो प्रश्न मेडिकलवाल्याला विचारला जातो, किंवा आधी स्टेंट बसलेल्या एखाद्या भाऊबंदाला. तो म्हणतो, “काय होत न्हाई, मी घेतो की.” एवढ्यावर निकाल लागतो.

माझं उत्तर सरळ आहे. हृदयाची गोळी चालू असेल तर दारू नको. कधीमधीही नको. हे मी नीतीच्या नावाखाली सांगत नाही. प्यायलेला माणूस वाईट, असं मी मानत नाही. कारणं शरीराची आहेत, आणि ती एकेक करून समजून घेण्यासारखी आहेत.

आधी मापाचं बघू. ‘कधीमधी’ म्हणजे किती दिवसांनी, हे सगळे सांगतात. त्या दिवशी किती, हे कुणी सांगत नाही. आपल्याकडे महिन्यातून एकदा बसणारा माणूस एका पेगवर उठत नाही, हिशोब क्वार्टरवर होतो. क्वार्टर म्हणजे १८० मिलिलिटर. आपल्याकडच्या व्हिस्की-रममध्ये अल्कोहोल ४२.८ टक्के असतं. म्हणजे एका क्वार्टरमध्ये साधारण ७७ मिलिलिटर, वजनात सुमारे ६० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. जागतिक आरोग्य संघटना एका बैठकीत ६० ग्रॅम किंवा त्याहून जास्त अल्कोहोल पोटात जाण्याला अतिरेकी पिणं म्हणून मोजते. ‘आपली एकच क्वार्टर असते’ असं ज्याला आपण बेताचं पिणं समजतो, ते जगाच्या मोजमापात थेट अतिरेकाच्या रेषेवर बसतं. बिअर हलकी, हाही गैरसमजच. आठ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरच्या ६५० मिलिलिटरच्या एका बाटलीत जवळजवळ ४१ ग्रॅम अल्कोहोल असतं, म्हणजे ६० मिलिलिटरच्या दोन पेगांइतकं. हातभट्टीत तर किती असतं, याचा हिशोब विकणाऱ्यालाही सांगता येत नाही.

एका रात्रीत एवढी घेतली की काय होतं, याची नोंद १९७८ मध्येच अमेरिकेतल्या न्यू जर्सीत डॉ. फिलिप एटिंगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केली होती. शनिवार-रविवारच्या किंवा सणाच्या पाठोपाठ नेहमी भरपूर पिणारी काही माणसं हृदयाचे ठोके विस्कटून दवाखान्यात यायची. त्याला त्यांनी ‘हॉलिडे हार्ट’ म्हटलं. हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन पावण्याऐवजी नुसते थरथरतात, आत रक्त साचतं, त्याची गुठळी होते आणि ती मेंदूत गेली की लकवा मारतो. ज्याचं हृदय आधीच एकदा दुखावलं आहे, त्याच्यासाठी ही रात्र अधिक महागात पडणारी असते.

आता गोळ्यांकडे येऊ. जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेट रक्तवाहिन्या सैल करते. दारूही तेच करते. दोन्ही एकत्र आल्या की बीपी एकदम खाली येतो, उभा माणूस कोसळतो. बीपीच्या बहुतेक गोळ्यांच्या बाबतीतही हे कमीजास्त प्रमाणात होतं. मध्यरात्री लघवीला उठलेला माणूस मोरीत पडला की लोक म्हणतात, “जास्त झाली.” जास्त झालेली नसते, गोळी आणि दारू एकत्र झालेली असते.

लघवी जास्त करवणाऱ्या गोळ्या, उदाहरणार्थ लॅसिक्स, अंगातलं पाणी आणि क्षार काढतात. दारूही पाणी काढते. आपल्याकडे लग्नसराई एप्रिल-मे महिन्यात, म्हणजे मराठवाड्याच्या ऐन उन्हाळ्यात. दिवसभर उन्हात वऱ्हाडाची धावपळ आणि रात्री बैठक. पोटॅशियम घसरलं की ठोक्यांचा ताल बिघडायला वेळ लागत नाही.

इकोस्प्रिन आणि क्लोपिडोग्रेल या गोळ्या गुठळी होऊ देत नाहीत, पण त्याच कारणानं रक्तस्राव झाला तर तो लवकर थांबत नाही. दारू जठराच्या आतल्या अस्तराला इजा करते. दोन्ही मिळून पोटात रक्त जाऊ शकतं. शौचाला डांबरासारखी काळी झाली, तर ती ‘उष्णता’ समजून घरी बसायचं नाही.

व्हॉल्व्ह बदललेल्यांसाठी तर धोका आणखी वेगळा आहे. त्यांना रक्त पातळ ठेवणारं एसिट्रोम किंवा वॉर्फरिन असतं, आणि त्याचं प्रमाण आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला लागणाऱ्या वेळेचं माप, तपासून बेतलेलं असतं. एका रात्रीत भरपूर पिणं झालं की आयएनआर वर जाऊन रक्तस्रावाची भीती, आणि सतत पिणं असेल तर तो खाली येऊन व्हॉल्व्हवर गुठळीची भीती. संधिवाताच्या तापानं व्हॉल्व्ह खराब झालेले आपल्याकडचे रुग्ण बऱ्याचदा तरुण असतात. मित्रांच्या आग्रहाचं वय तेच असतं.

साखरेची गोळी सोबत असेल तर आणखी एक सापळा आहे. ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेतलेली, रिकाम्या पोटी दारू आणि चकण्याला चार शेंगदाणे. यकृत दारू पचवण्यात गुंततं, रक्तात साखर सोडायचं त्याचं काम मागं पडतं, आणि साखर घसरते. घसरलेल्या साखरेची लक्षणं दारू चढल्यासारखीच दिसतात. माणूस बरळतो, तोल जातो, झोपी जातो. सोबतचे म्हणतात, “झोपू द्या, सकाळी उतरंल.” ठोके आवरणारी मेटोप्रोलोलसारखी गोळी चालू असेल तर साखर घसरल्याची छातीतली धडधडही जाणवत नाही. इशारा देणारी घंटाच बंद असते.

हे ऐकून काही जण वेगळीच शक्कल काढतात. “आज घ्यायची हाय, म्हणून गोळी टाळली.” त्यांना वाटतं, आपण काळजी घेतली. माझ्या मते हा पिण्याइतकाच घातक हिशोब आहे. नवीन स्टेंटवर रक्तवाहिनीचं अस्तर चढेपर्यंत तिथं गुठळी होण्याचा धोका असतो. तो टाळण्यासाठीच झटक्यानंतर साधारण वर्षभर गुठळी रोखणाऱ्या दोन गोळ्या देतात. आणि हे एका दिवसात संपत नाही. आदल्या रात्री एक गोळी राहते, दुसऱ्या दिवशी डोकं जड म्हणून राहते, तिसऱ्या दिवशी गावाला पाकीटच विसरतं. ठोक्यांची गोळी अचानक तुटली तर ठोके उसळी घेतात, छातीत पुन्हा दुखू लागतं. म्हणून हे ठामपणे लक्षात ठेवा. दारू झाली तरी स्वतःच्या मनानं गोळी बंद करायची नाही. रोजच्या गोळीची वेळ असेल आणि शंका असेल तर डॉक्टरांना फोन करायचा, खरं सांगायचं.

“पण थोडी दारू हृदयाला चांगली असते म्हणतात ना?” हा समज १९९० च्या दशकात फ्रान्समधल्या वाइनच्या चर्चेतून जगभर गेला आणि आपल्यापर्यंतही पोचला. त्याला आपल्या मातीतून मिळालेलं उत्तर फार कमी लोकांना माहीत आहे. २००७ साली ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात नागपूरचे डॉ. प्रशांत जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा अभ्यास आला. भारत, पाकिस्तान, बांगलादेश, श्रीलंका, नेपाळ या देशांतल्या रुग्णांची तुलना त्यांनी इतर जगाशी केली. आपल्याकडे पहिला झटका येण्याचं सरासरी वय ५३ निघालं, इतरत्र ते जवळपास ५९ होतं. आणि नियमित दारूमुळे इतर देशांत जो थोडा फायदा आकड्यांत दिसला होता, तो आपल्या लोकांत दिसलाच नाही. २०२३ च्या जानेवारीत तर जागतिक आरोग्य संघटनेनं स्पष्ट सांगितलं, की दारूचं सुरक्षित असं कुठलंच प्रमाण नाही. आपला माणूस सहा वर्षं आधी आजारी पडतो आणि परदेशातल्या वाइनचा दाखला देऊन ग्लास उचलतो. हे थांबलं पाहिजे.

दोष मात्र एकट्या रुग्णाच्या माथी मारता येणार नाही. आशाताई घरोघरी जाऊन तिशीपुढच्या माणसांचा जो फॉर्म भरतात, त्यात दारूबद्दल प्रश्न आहे, पण तो ‘रोज पिता का’ असा आहे. ‘नाही’ म्हटलं की शून्य गुण. महिन्यातून दोनदा क्वार्टर रिचवणारा हृदयरोगी त्या कागदावर न पिणाऱ्याच्या रांगेत बसतो. प्रश्नच चुकीचा असेल तर उत्तर खरं असूनही उपयोगाचं नाही. आपल्या राज्याच्या कायद्यातही एक गोंधळ आहे. १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली आजही दारू प्यायला परवाना लागतो, आणि तो परवाना ‘आरोग्याच्या रक्षणासाठी’ म्हणून दिला जातो. बंदीच्या काळात ठेवलेली ती पळवाट होती. आज सरकारी कागदावर दारू आणि आरोग्यरक्षण यांची अशी सांगड राहता कामा नये. हे शब्द काढून टाकायला एक पैसाही लागत नाही.

आपल्या लोकांना पथ्य कळत नाही, असं कुणी म्हणू नये. चाकूर तालुक्यातल्याच वडवळ नागनाथचं बेट औषधी वनस्पतींसाठी ओळखलं जातं. झाडपाल्यावर श्रद्धा ठेवणारी आपली माणसं पथ्य किती निष्ठेनं पाळतात, हे मी पाहत आलो आहे. काविळीचं औषध घेतलं की घरात फोडणी बंद होते, हळद बंद होते, सगळं कुटुंब अळणी-बेचव जेवतं. औषधाला पथ्य असतं, हे इथं शिकवावं लागत नाही. मग लाखाच्या खर्चानं वाचवलेल्या हृदयाच्या गोळीला पथ्य का नसावं? ते सांगितलंच गेलं नाही, म्हणून. गोळीच्या पाकिटावर बारीक इंग्रजी अक्षरं असतात आणि सुट्टीच्या कागदावर ‘पुढील तपासणी १५ दिवसांनी’ एवढंच असतं.

म्हणून माझ्या मागण्या साध्या आहेत. लातूरचं विलासराव देशमुख वैद्यकीय विज्ञान संस्थेचं रुग्णालय, नांदेडचं डॉ. शंकरराव चव्हाण वैद्यकीय महाविद्यालय आणि आमचं चाकूरचं ग्रामीण रुग्णालय, या तिन्ही ठिकाणी हृदयरोग्याच्या कागदावर ठळक मराठीत एक ओळ असावी, ‘या गोळ्या चालू असताना दारू वर्ज्य. एखाद्या दिवशी घेतली तरी गोळी बंद करू नये, डॉक्टरांना कळवावे.’ रुग्णाला दोन मिनिटं एकट्याला बसवून विचारावं, की एका बैठकीत किती होते. आशाताईंच्या फॉर्ममध्येही ‘रोज’च्या जोडीला हाच प्रश्न यावा.

घरच्यांना एक विनंती. खरं सांगितलं म्हणून भांडण होणार असेल तर माणूस लपवेल, आणि लपवलेल्या गोष्टीवर डॉक्टर इलाज करू शकत नाही. ज्यांचं पिणं रोजचं आहे त्यांनी हा लेख वाचून एकदम सोडायचा प्रयत्न घरीच करू नये. अचानक सोडल्यानं फिट येऊ शकते, त्यासाठी डॉक्टरांची मदत घ्यावी. आणि बैठकीत कुणाच्या छातीत दुखू लागलं, घाम फुटला, तर सोडा पाजत बसू नका. त्याला बसतं किंवा आडवं करा, १०८ ला फोन लावा आणि त्यानं काय, किती घेतलं आणि कोणत्या गोळ्या चालू आहेत, हे डॉक्टरांना न लपवता सांगा.

शेवटचं बोलणं यजमानांशी. मराठवाड्याचा पाहुणचार आग्रहाचा आहे, त्याचा मला अभिमान आहे. पण ज्याच्या खिशात हृदयाच्या गोळ्या आहेत, त्याच्या ग्लासात “एवढ्यानं काय होतंय दाजी” म्हणत ओतणं हा पाहुणचार नव्हे. त्यानं एकदा ‘नको’ म्हटलं की तो विषय तिथं संपला पाहिजे, आणि दुसऱ्यांदा ‘नको’ म्हणायची वेळ त्याच्यावर येऊ न देणं ही बैठकीतल्या प्रत्येकाची जबाबदारी आहे. येत्या लग्नसराईपासून चाकूरच्या प्रत्येक मांडवात एवढं जरी पाळलं, तरी योजनेनं वाचवलेली माणसं आपण आपल्याच हातानं गमावणार नाही.